पहिला एअरब्रश: निवड, जोडणी आणि पहिले फवारे

एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोरावर रंगाचे बारीक तुषार उडवणारे हत्यार, घ्यायचे ठरवलेला नवशिका बहुतेक वेळ एअरब्रशचे मॉडेल निवडण्यात घालवतो, कॉम्प्रेसर उरलेल्या पैशांत बसवतो आणि रंग पातळ कसा करायचा याचा विचार कपात रंग ओतताना पहिल्यांदा करतो. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असायला हवा. साधा एअरब्रश, स्थिर दाबाची कोरडी हवा आणि नीट पातळ केलेला रंग एवढ्यावर स्वच्छ काम होते. महागडा एअरब्रश, धापा टाकणारा कॉम्प्रेसर आणि दाट रंग यांच्या जोरावर ते होत नाही. प्लास्टिकची स्केल मॉडेल्स, लहान पुतळे, डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूच्या) मोटारी किंवा घरची छोटी गणेशमूर्ती स्वतः रंगवू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील मजकूर आहे. मूर्तिकारांच्या कारखान्यांत मोठ्या मूर्तींना एकसारखा रंग मारण्यासाठी वापरली जाणारी स्प्रे गन हे वेगळे हत्यार असून तिला हवाही कितीतरी अधिक लागते. ती घरगुती छंदासाठी घेऊ नये.

आत काय घडते

एअरब्रशच्या तोंडाशी एक अतिशय लहान, निमुळते नोझल असते आणि त्यात मागून आलेल्या सुईचे टोक बसलेले असते. सुई पूर्ण पुढे असेपर्यंत नोझल बंद राहते. ती मागे सरकली की तिच्या टोकाभोवती फट तयार होते आणि तेथून रंग बाहेर येतो. नोझलच्या भोवतालून वेगाने सुटणारी हवा त्या ठिकाणी दाब कमी करते, रंग ओढून घेते आणि त्याचे बारीक तुषार करते. एवढे लक्षात ठेवले तर पुढच्या बहुतेक अडचणींचे कारण स्वतःलाच शोधता येते. सुईचे टोक वाकले तर फवारा एका बाजूला जाणार, नोझल नीट बसले नाही तर हवा उलटी रंगाच्या कपात शिरणार आणि रंगात कण असतील तर ते त्या इवल्याशा फटीत अडकणार, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

कोणता एअरब्रश घ्यावा

सिंगल अॅक्शन प्रकारात कळ दाबली की हवा आणि रंग एकदमच सुरू होतात आणि रंगाचे प्रमाण वेगळ्या स्क्रूने आधी ठरवावे लागते. डबल अॅक्शन प्रकारात कळ खाली दाबल्यावर हवा आणि मागे ओढल्यावर रंग येतो, म्हणजे रंगाचे प्रमाण काम चालू असतानाच बोटाने कमीजास्त करता येते. सिंगल अॅक्शन सोपा असतो म्हणून त्यापासून सुरुवात करावी, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मला तो पटत नाही. डबल अॅक्शनची सवय व्हायला थोडा वेळ लागतो हे खरे, पण सिंगल अॅक्शनवर शिकलेल्या बोटाला नंतर सगळे पुन्हा शिकावे लागते. बोटांचे सांधे दुखत असतील तर पिस्तुलासारख्या पकडीचा एअरब्रश पाहावा. त्यात एकच चाप आधी हवा आणि आणखी ओढल्यावर रंग सोडतो.

रंगाचा कप वर असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड एअरब्रश छोट्या कामासाठी सर्वांत सोयीचा. त्यात रंग स्वतःच्या वजनाने खाली येतो, त्यामुळे कमी दाबावर काम भागते, रंगाचे चार थेंबही वापरता येतात आणि सफाई लवकर होते. खाली बाटली लावायचा सक्शन फीड प्रकार एकच रंग बराच वेळ मारायचा असेल तेव्हा उपयोगी पडतो.

नोझलचा आकार ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान असावा. बारीक रेषांच्या मोहाने अनेक जण ०.२ मिलिमीटरचे नोझल घेतात आणि पहिल्याच आठवड्यात ॲक्रिलिक रंगाने ते तुंबवून बसतात. बारीक रेषा येते ती प्रामुख्याने बोटावरचा ताबा, रंगाचा पातळपणा आणि पृष्ठभागापासूनचे अंतर यांमुळे, ०.३ मिलिमीटरच्या नोझलनेही पेन्सिलीच्या रेषेएवढी रेषा सहज मारता येते. प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर) आणि वॉर्निश यांना ०.५ मिलिमीटर अधिक सोयीचे, पण त्यासाठी लगेच वेगळा खर्च करण्याचे कारण नाही.

नावेच हवी असतील तर ०.३५ मिलिमीटर नोझलचा इवाटा निओ सीएन आणि ०.५ मिलिमीटरचा बॅजर पॅट्रियट १०५ हे दोन्ही वर कप असलेले डबल अॅक्शन एअरब्रश नवशिक्यांमध्ये दीर्घकाळ प्रचलित आहेत. जर्मनीतील हार्डर अँड स्टीनबेक आणि जपानमधील जीएसआय क्रिओस यांच्या प्राथमिक श्रेणीही चांगल्या आहेत. ०.२, ०.३ आणि ०.५ मिलिमीटरच्या सुया-नोझल एकत्र देणारे बिननावाचे चिनी संच बरेच स्वस्त पडतात. हात बसवण्यासाठी ते चालतात. मात्र त्यांत एकाच डब्यातल्या दोन नगांचा दर्जा सारखा असेलच असे नाही. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: याची सुई आणि नोझल सुटे मिळतात का? उत्तर नकारार्थी असेल तर तो एअरब्रश कितीही स्वस्त असला तरी पहिल्यांदा हातातून पडेपर्यंतच आपला आहे. पाइपाच्या जोडणीचे आटेही तपासून घ्यावेत. एक अष्टमांश इंच बीएसपी (पाइपाच्या आट्यांचे ब्रिटिश मानक) हे माप सर्वाधिक आढळते, पण बॅजरचे आटे निराळे असल्याने त्याला अडॅप्टर लागतो.

कॉम्प्रेसर

पैसे खर्च करावेत ते येथे. घरगुती छंदासाठी एक पंचमांश ते एक षष्ठांश अश्वशक्तीचा, तेल न लागणारा पिस्टन कॉम्प्रेसर पुरेसा असतो आणि त्याला साधारण ३ लिटरची टाकी असावी. टाकी नसेल तर पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याचे हेलकावे फवाऱ्यात उतरू शकतात, शिवाय मोटर सतत चालू राहून तापते. टाकी असलेल्या यंत्रात दाब ठरावीक मर्यादेला पोहोचला की मोटर बंद होते आणि तो उतरला की पुन्हा सुरू होते. रात्री जेवणानंतर काम करणाऱ्यांच्या घरात ही शांतता फार मोलाची असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा २४–२५ लिटरचा कॉम्प्रेसरही चालतो, पण त्याचा आवाज फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांनाही ऐकू जातो. टायरमध्ये हवा भरायचा पंप या कामाचा नाही. एअरब्रशच्या बुडाशीच बसणारे बॅटरीवरचे छोटे कॉम्प्रेसर प्रवासाला ठीक आहेत. त्यांतील पुष्कळांत दाब हवा तसा बदलता येत नाही, आणि शिकताना नेमके तेच करून पाहायचे असते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून एअरब्रश मागवायला हरकत नाही, कॉम्प्रेसर मात्र मागवू नये. तिकडचा वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो आणि आपल्याकडचा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ तसेच राहतात, आणि ते वजन सामानात वाहून आणण्यात काही अर्थ नाही.

कॉम्प्रेसरसोबत दाब कमीजास्त करणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप असलाच पाहिजे. हवा दाबली की ती तापते, पुढे टाकीत आणि पाइपात थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. नागपूरच्या मे महिन्यात याचा त्रास जवळजवळ जाणवणार नाही. रत्नागिरीत किंवा मुंबईत जुलैत काम करताना मात्र अर्ध्या तासाने रंगाबरोबर पाण्याचा थेंब उडतो आणि तो नेमका पूर्ण होत आलेल्या भागावर पडतो. कॉम्प्रेसरवरचा ट्रॅप त्या जागेपर्यंत पाणी झालेले बाष्पच अडवतो, त्यानंतर पाइपात साचणारे नाही. म्हणून कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी एअरब्रशच्या अगदी खाली बसणारा दुसरा छोटा ट्रॅपही लावावा. काम संपल्यावर टाकीखालचा स्क्रू उघडून साचलेले पाणी काढावे, नाहीतर टाकी आतून गंजते.

जोडणी करताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळावी आणि गॅसची गळती तपासतो तसे प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. दाब ठरवताना एअरब्रशची कळ दाबून, हवा सुटत असताना काटा वाचावा, कारण कळ दाबताच दाब उतरतो. सुरुवातीला चालू हवेत १८ ते २० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) ठेवावा. बारच्या मापात काटा असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

जागा आणि श्वास

हे वाचून मगच रंगाची बाटली उघडावी. पाण्यावर आधारलेला रंग बिनविषारी असे लेबलवर लिहिलेले असले तरी ते रंग ब्रशने लावण्याच्या संदर्भात असते. त्याच रंगाचे तुषार फुप्फुसात ओढणे ही निराळी गोष्ट आहे. अशा रंगांसाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन९५ मास्क हे किमान संरक्षण होय. लॅकर, इनॅमल किंवा कोणताही सॉल्व्हंटयुक्त थिनर वापरत असाल तर एन९५ पुरत नाही, कारण तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारी काडतुसे आणि कणांचा फिल्टर दोन्ही असलेला अर्धमुखी रेस्पिरेटर लागतो. हार्डनर मिसळून वापरायचे टू-के क्लिअर कोट बहुधा आयसोसायनेटयुक्त (श्वासावाटे घातक ठरणारे रसायन असलेले) असतात; नवशिक्याने घरात त्यांच्या वाटेला जाऊ नये.

फवाऱ्याचा धूर खिडकीबाहेर ओढून नेणारा छोटा स्प्रे बूथ उत्तम. तो नसेल तर खिडकीत एक्झॉस्ट पंखा लावून त्याच्याकडे तोंड करून काम करावे. सॉल्व्हंटच्या वाफा पेट घेतात, हे आपल्या घरांत विशेष लक्षात ठेवावे लागते: देवघरातले निरांजन, स्वयंपाकाचा गॅस आणि न्हाणीघरातला गॅस गीझर विझलेले असल्याची खात्री करावी आणि बूथचा पंखा ठिणगी न उडवणारा घ्यावा. पहिले काही महिने केवळ पाण्यावर आधारलेले रंग वापरावेत, हा माझा सल्ला मुख्यतः याच कारणासाठी आहे.

रंग किती पातळ करावा

रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ असावा, असे सर्वत्र सांगितले जाते आणि सुरुवातीला तेच माप बरे. खरी परीक्षा भांड्याच्या कडेवर होते. काडीने रंग कडेवर वर ओढावा. तो लगेच खाली ओघळला आणि मागे अर्धपारदर्शक पापुद्रा राहिला तर रंग तयार आहे, जाड थर चिकटून राहिला तर दाट आहे, आणि मागे काहीच उरले नाही तर तो अति पातळ झाला आहे. मिश्रण नेहमी वेगळ्या छोट्या कपात करावे. ते एअरब्रशच्या कपातच केले तर न मिसळलेला दाट रंग थेट सुईपाशी जाऊन बसतो.

प्रमाण मात्र प्रत्येक रंगाचे निराळे. व्हॅलेहो कंपनीची मॉडेल एअर ही मालिका एअरब्रशसाठीच पातळ केलेली असते; तिच्यातही त्याच कंपनीचे थिनर काही थेंब घातले तर काम अधिक सुरळीत होते. तामियाचे ॲक्रिलिक रंग त्यांच्या एक्स-२०ए थिनरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून पाहावेत. हे रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येही चांगले मिसळतात. हाच प्रयोग व्हॅलेहोच्या रंगावर केला तर रंग फाटून त्याच्या गुठळ्या होतात, आणि त्या काढण्यासाठी एअरब्रश पूर्ण उघडावा लागतो. दोन कंपन्यांचे रंग आणि थिनर एकमेकांत मिसळण्यापूर्वी बाहेर चार थेंबांवर चाचणी घेण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कॅम्लिन किंवा फेविक्रिलचे ॲक्रिलिक हस्तकलेसाठी बनवलेले असतात. ते सरावाला चालतात, परंतु पातळ करून नायलॉनच्या जुन्या मोज्याच्या तुकड्यातून गाळल्याशिवाय कपात घालू नयेत. नुसत्या पाण्याने फार पातळ केलेला ॲक्रिलिक प्लास्टिकवर धरत नाही. त्यात थोडे ॲक्रिलिक थिनर किंवा मीडियम हवे.

हवामानाचाही येथे संबंध येतो. कोरड्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच सुकतो, त्यासाठी रिटार्डरचे (वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब पुरतात. पावसाळ्यात उलट प्रत्येक थर वाळायला वेळ लागतो, आणि लॅकर वापरणाऱ्यांना ओलाव्यामुळे थरावर पांढुरकी छटा चढलेली दिसते. अशा दिवशी लॅकरचे काम पुढे ढकलावे.

हात बसवणे

प्रथम कपात नुसते पाणी घालून कळीची चाल समजून घ्यावी, मग पातळ केलेला काळा रंग किंवा ॲक्रिलिक शाई घेऊन जुन्या वहीच्या कागदावर सराव करावा. क्रम असा: कळ खाली दाबून हवा सुरू करा, हात हलवायला लागा, मग कळ अलगद मागे ओढून रंग सोडा, थांबताना आधी कळ पुढे नेऊन रंग बंद करा आणि हवा शेवटी सोडा. कळ मागे असतानाच हवा बंद केली तर रंग टोकाशी साचतो आणि पुढच्या वेळी दाबताच शिंतोडा उडतो. नवशिक्यांच्या कागदांवर प्रत्येक रेषेच्या आरंभी जो ठिपका दिसतो, त्याचे मूळ बहुधा हेच असते. अनुभवी माणसे हवा बंदच करत नाहीत. बोट खाली दाबलेलेच ठेवून फक्त पुढे-मागे हलवतात.

कागदावर आधी ठरावीक अंतरावर सारख्या आकाराचे ठिपके मारावेत, नंतर ते ठिपके रेषांनी जोडावेत, मग एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत जाणाऱ्या रेषा काढाव्यात आणि शेवटी एक चौकोन गडदपासून फिक्यापर्यंत छटा देत भरावा. बारीक रेषेसाठी टोक कागदापासून २–३ सेंटीमीटरवर आणि दाब १२–१५ पीएसआयपर्यंत खाली आणलेला असावा. मोठा भाग भरताना ८–१० सेंटीमीटर अंतर ठेवावे. कागद शोषून घेतो, प्लास्टिक घेत नाही, म्हणून कागदानंतर प्लास्टिकचे चमचे घ्यावेत. त्यांचा बाक मोटारीच्या बॉनेटवर किंवा पुतळ्याच्या खांद्यावर रंग कसा बसेल हे चांगले दाखवतो.

पहिली वस्तू

मॉडेलचे सुटे भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवावेत, कारण साच्यातून काढताना लावलेल्या द्रव्याचा तेलकटपणा त्यांवर राहिलेला असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. नंतर प्रायमरचा पातळ थर द्यावा. पहिल्या थराने पृष्ठभाग पूर्ण झाकला जाता कामा नये; तो ठिपकेदार, अर्धवट दिसला पाहिजे. दुसरा थर पहिल्याची ओली चकाकी गेल्यावर, पूर्ण झाकण तिसऱ्या-चौथ्या थरात. एकाच फेरीत रंग भरून टाकण्याचा मोह झाला की कडांवर ओघळ आणि खाचांत तळी साचतात. मास्किंग टेप लावायची असेल तर ॲक्रिलिकला निदान एक रात्र द्यावी.

शाडूची मूर्ती रंगवणाऱ्यांनी येथे अधिक जपावे. शाडू पाणी शोषून मऊ पडतो, त्यामुळे मूर्ती पूर्ण वाळलेली असावी, फवारा लांबून आणि अगदी कोरडा असावा आणि प्रत्येक थरानंतर थांबावे. अंगकांतीच्या छटा, पितांबराच्या घड्यांतली सावली, गालांवरची लाली ही एअरब्रशची कामे. डोळ्यांची आखणी मात्र केसाळ ब्रशनेच करावी.

काम बिघडते तेव्हा

मध्येच फवारा बंद पडला तर सर्वप्रथम सुईचे टोक पाहावे. तेथे सुकलेल्या रंगाचा कण असतो आणि तो थिनरमध्ये भिजवलेल्या ब्रशने निघतो. ॲक्रिलिक वापरताना दर काही मिनिटांनी हे करावेच लागते, तो बिघाड नव्हे. रंग पृष्ठभागावर कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर तो अति पातळ आहे, दाब जास्त आहे किंवा टोक फार जवळ आहे. खरखरीत, वाळूसारखा थर आला तर रंग वाटेतच वाळत आहे: अंतर कमी करावे किंवा थिनर वाढवावे. कपात बुडबुडे आले तर हवा उलटी शिरते आहे; नोझल सैल आहे, नीट बसलेले नाही किंवा त्याला तडा गेला आहे, आणि तडा गेला असेल तर नवे नोझल घेण्यावाचून उपाय नाही.

सफाई

रंग बदलताना कप रिकामा करावा, त्या रंगाचे थिनर किंवा क्लीनर घालून ब्रशने कड घासावी आणि स्वच्छ द्रव बाहेर येईपर्यंत फवारावे. मधूनच दाब कमी करून, टोकाशी सुती कापडाची घडी धरून कळ हळूच ओढली की हवा मागे वळते आणि कपात बुडबुडे येऊन अडकलेला रंग सुटतो. हा फवारा हवेत न सोडता झाकणाच्या सफाई-बरणीत सोडावा. साध्या काचेच्या बरणीच्या पत्र्याच्या झाकणाला दोन भोके पाडून, एका भोकावर कापूस ठेवून, तशी बरणी घरीही करता येते.

दिवसाचे काम संपल्यावर सुई काढावी. मागची नट सैल करून ती सरळ मागे ओढावी आणि कापडावर आडवी धरून, फिरवत, जाड भागाकडून टोकाकडे पुसावी. टोकाकडून मागे पुसल्यास टोक वाकते आणि बोटालाही टोचते. नोझल रोज काढण्याची गरज नसते. काढावेच लागले तर टेबलावर पांढरा टॉवेल पसरावा, कारण फरशीवर पडलेले नोझल बहुधा सापडत नाही. परत बसवताना आधी नोझल, मग सुई, हा क्रम चुकवू नये. सुई आत असताना नोझल आवळले तर त्याचे तोंड फाकते. सोबतच्या पान्याने ते टेकेपर्यंत आवळले की पुरे, त्यापुढे जोर लावला तर त्याचे इवलेसे आटे तुटून आतच राहतात. सुई बसवताना ती अडेपर्यंत अलगद सरकवावी, ढकलू नये.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरसाठीचा) थिनर सुकलेला रंग झटकन विरघळवतो, म्हणून पुष्कळ जण अख्खा एअरब्रश त्यात बुडवून ठेवतात. त्याने आतले रबरी वायसर फुगतात आणि कळ अडकू लागते. सुटे केलेले धातूचे भागच त्यात ठेवावेत, तेही उघड्या हवेत आणि हातमोजे घालून. प्लास्टिकच्या मॉडेलला तर त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. कळ जड चालत असेल तर एअरब्रशसाठी मिळणारे वंगण सुईच्या मधल्या भागावर एक थेंब लावावे. दाराच्या बिजागरीचे तेल रंगात उतरले की त्या थराला डोळे, म्हणजे रंग न धरलेले गोल ठिपके, पडतात. पहिल्या खरेदीबरोबरच एक जादा सुई, एक नोझल आणि वायसरांचा एक संच मागवून ठेवावा, कारण यांतले काहीतरी शनिवारी रात्रीच तुटते आणि ते पार्सलने यायला आठवडा जातो.